आईचं आजारपण, घटस्फोट आणि दहा लाखांचं कर्ज: सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर इतरांनाही उपयोगी पडावं म्हणून तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते. वय ३८, पिंपरी-चिंचवडमध्ये खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ४६,००० रुपये. २०२३ मध्ये आईच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी कर्ज काढलं, वर्षभरात आई गेली. त्यानंतर परस्पर संमतीने घटस्फोट झाला. अकरा वर्षांची मुलगी तुमच्याकडे आहे आणि घराचं भाडं ११,००० आहे. वैयक्तिक कर्जाचे ४,१०,००० बाकी, हप्ता ११,६००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून दोन लाख (एकावर १,४०,०००, दुसऱ्यावर ६०,०००) आणि दर महिन्याला भरता ती किमान रक्कम साधारण १०,०००. सोनं तारण ठेवून घेतलेले १,८०,०००, व्याज ९ टक्के, मुदत तीन महिन्यांत संपते. पतसंस्थेचे १,२०,०००, हप्ता ५,०००, दोन हप्ते थकलेले, जामीनदार तुमचा भाऊ आणि ऑफिसातला एक सहकारी. मामांकडून हातउसने ९०,०००. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेले पंधरा हजार. याशिवाय लग्नात दोघांच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटचं २२ लाखांचं गृहकर्ज. त्याचा २१,००० चा हप्ता नवऱ्याने भरायचा असं संमतीच्या अटींत लिहिलंय, पण त्याने दोन हप्ते भरलेले नाहीत. बँक तुम्हाला फोन करते आणि तुम्ही विचारता, "माझा घटस्फोट झालाय, मग मला का विचारतात?"

मी बारा वर्षं एका नागरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात होते. त्यानंतरची तेरा वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, कर्जदारांसोबत बसते आहे. दोन्हीकडून एक गोष्ट सारखीच दिसली. कर्जात बुडालेला माणूस जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देतो. कार्डवाल्यांचा फोन दिवसातून सहा वेळा येतो म्हणून त्यांना दहा हजार जातात, आणि पतसंस्थेचा मॅनेजर ओळखीचा, सभ्य, फक्त "बघा ताई" म्हणतो म्हणून तो मागे राहतो. तुमच्या कागदावर नेमकं हेच झालंय. क्रम ठरवायचा तो "हे भरलं नाही तर काय मोडेल" या प्रश्नावर. माझं पुढचं सगळं उत्तर या एका प्रश्नाभोवती आहे.

त्या प्रश्नाला पहिलं उत्तर येतं ते गृहकर्ज, म्हणून तिथूनच सुरू करू.

बँकेशी करार झाला तो तुम्हा दोघांच्या सह्यांनी. न्यायालयाने तुमचं लग्न संपवलं, पण बँक त्या प्रकरणात पक्षकार नव्हती. त्यामुळे "हप्ते नवऱ्याने भरावेत" ही अट तुमच्यात आणि त्याच्यात बंधनकारक आहे, बँकेवर नाही. सहकर्जदार म्हणून संपूर्ण रक्कम बँक तुमच्याकडे मागू शकते, अर्धीच नव्हे. हे वाचून राग येईल. माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक बाईला आला आहे आणि तो रास्त आहे. घटस्फोटाच्या वेळी वकील पोटगीवर, मुलांच्या ताब्यावर तासन्‌तास बोलतात. कर्जाच्या कागदावरून नाव कसं काढायचं याची चौकशी मात्र कुणीच करत नाही.

आता घड्याळ बघा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (बँकेला दावा न लावता तारण विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येऊ शकते आणि पुढे फ्लॅटचा ताबा आणि लिलाव. खातं एकदा अनुत्पादित झालं की ते पूर्ववत व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते. त्याआधी मात्र सर्वांत जुना थकलेला हप्ता भरला तरी दिवसांची मोजणी मागे येते. दोन हप्ते थकलेत, म्हणजे तुमच्या हातात महिना, फार तर दोन महिने आहेत. एवढी एकच गोष्ट तातडीची आहे.

या आठवड्यात दोन पत्रं जाऊ द्या. पहिलं बँकेच्या शाखाधिकाऱ्याला: मी सहकर्जदार आहे, अमुक तारखेच्या न्यायालयीन हुकूमनाम्याप्रमाणे हप्त्यांची जबाबदारी दुसऱ्या कर्जदाराची आहे, हुकूमनाम्याची प्रत जोडली आहे, यापुढे थकबाकीची प्रत्येक सूचना मला या पत्त्यावर द्यावी. बँक यामुळे तुम्हाला सोडणार नाही, पण पुढे काही लपून राहणार नाही. दुसरं पत्र वकिलामार्फत माजी नवऱ्याला, दहा दिवसांची मुदत देऊन. मुदतीत भरलं नाही तर कौटुंबिक न्यायालयात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी अर्ज. वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे जा किंवा १५१०० वर फोन करा. "सरकारी वकील म्हणजे काहीतरी कमी दर्जाचा" हा समज डोक्यातून काढा. मी तिथे फार मनापासून काम करणारी माणसं पाहिली आहेत.

कायमचा उपाय दोनच. एक, नवऱ्याने स्वतःच्या उत्पन्नावर कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावं, आणि तुम्ही फ्लॅटमधला हिस्सा सोडावा. इथे एक गोष्ट अधोरेखित करून घ्या. बँकेचं तुम्हाला सहकर्जदार म्हणून मुक्त केल्याचं लेखी पत्र हातात येईपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करायची नाही. आधी हक्क सोडला आणि कर्ज मात्र नावावर राहिलं, अशा किती बायका माझ्याकडे आल्या सांगता येत नाही. फ्लॅट गेला आणि बावीस लाखांची सही राहिली. सासरचे, मध्यस्थ, कधी स्वतःचा भाऊसुद्धा म्हणतो, "अगं कर सही, मिटवून टाक." नको.

दुसरा उपाय, फ्लॅट विकणं. कर्ज असलेला फ्लॅट विकता येतो. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेचं कर्ज थेट फेडते, मूळ कागदपत्रं सोडवून घेते, उरलेली रक्कम मालकांत वाटली जाते. माझं मत विचाराल तर, त्याने स्वतःचे दोन हप्ते चुकवलेत म्हणजे एकट्याच्या उत्पन्नावर बँक त्याला पात्र ठरवेल असं दिसत नाही. म्हणून विक्रीचाच आग्रह धरा. विक्रीला त्याची सही लागेल आणि तो अडवून बघेल, त्यासाठीच अंमलबजावणीचा अर्ज आधी दाखल असावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आहेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आता तुमच्या महिन्याच्या हिशोबाकडे येऊ. ४६,००० मधून भाडं ११,०००, वैयक्तिक कर्ज ११,६००, कार्डं १०,०००, पतसंस्था ५,०००. राहतात ८,४००. एवढ्यात दोन जणींचं जेवण, शाळा, बस, गॅस, औषधं होत नाहीत. म्हणून तुम्ही किराणा पुन्हा कार्डावर घेता. म्हणजे दहा हजार भरता आणि सहा-सात हजार परत उचलता. याची टोपी त्याच्या डोक्यावर. तुम्ही पत्रात स्वतःला "उधळी" म्हटलंय. मी तुमची सहा महिन्यांची स्टेटमेंट पाहिली. त्यात किराणा, मेडिकल, शाळेची फी आणि एकदा मुलीच्या वाढदिवसाचा केक आहे. यात उधळपट्टी कुठेच नाही.

कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, वर्षाला ४२. दोन लाखांवर महिन्याचं व्याज ७,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,२६०. तुम्ही भरलेल्या दहा हजारांतले ८,२६० इथेच संपतात आणि मुद्दलात जेमतेम १,७४० जातात. एकही नवी खरेदी न करता तीन वर्षं फक्त किमान रक्कम भरत राहिलात, तर तीन लाखांच्या वर पैसे जातील आणि तरीही जवळजवळ १,४६,००० बाकी असतील. आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या तांदळावर आजपासून व्याज.

दुसरीकडे तुमचं सोनं ९ टक्क्यांवर तारण आहे, आणि तुम्ही लिहिता, "आधी आईच्या पाटल्या सोडवायच्या आहेत, बाकी नंतर." ताई, तुमची तळमळ समजते. पण आकडे उलटं सांगतात. सोनं हे तुमचं सर्वांत स्वस्त कर्ज आहे. पाटल्या बँकेच्या तिजोरीत सुरक्षित आहेत, व्याज वेळेवर गेलं तर त्या कुठे जात नाहीत. शिवाय २०२३ मध्ये तोळ्याचा भाव साठ हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो लाखाच्या पुढे गेला. तुम्ही दर वर्षी व्याज भरून कर्ज नवं केलंत, पण सोन्याचं मूल्यांकन वाढवून मागितलं नाहीत. तीन महिन्यांनी मुदत संपते तेव्हा, किंबहुना त्याआधीच, शाखेत जाऊन विचारा: याच सोन्यावर आज किती मिळेल? तुमच्या साडेपाच तोळ्यांवर मोठ्या कार्डाचे १,४०,००० सुटावेत असा माझा अंदाज आहे. त्या एक लाख चाळीस हजारांवर कार्डाला जीएसटी धरून महिन्याला ५,७८२ रुपये व्याज जातं, सोन्यावर १,०५० जाईल.

एरवी मी कर्ज फेडायला कर्ज काढू नका असंच सांगते, आणि वैयक्तिक कर्जाच्या टॉप-अपला, म्हणजे त्याच कर्जावर आणखी रक्कम उचलण्याला, अजूनही तेच सांगेन. इथे अपवाद करते कारण दर चौथ्या हिश्शापेक्षाही खाली येतो. पण अट कडक आहे. पैसे हातात आले त्याच दिवशी कार्डाची पूर्ण रक्कम भरायची, कार्ड लेखी बंद करायचं, आणि बंद झाल्याचं पत्र ठेवायचं. कार्ड पाकिटात राहिलं तर वर्षभरात दोन्ही कर्जं तुमच्या अंगावर असतील. आणि सोनेतारणाच्या मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ती चुकली तर नोटीस देऊन लिलाव होतो, आणि मग पाटल्या खरोखर जातात.

छोट्या कार्डाच्या ६०,००० साठी बँकेला थकबाकीचे हप्ते पाडून मागा. फोनवर नाही, ईमेलवर. १८ टक्क्यांनी २४ महिने मिळाले तर हप्ता साधारण ३,०००, व्याजावरचा जीएसटी वेगळा. तेही कार्ड गोठवून घ्या.

पतसंस्थेचं मात्र मी गृहकर्जाच्या खालोखाल ठेवते, रक्कम लहान असली तरी. पतसंस्थेला दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने जावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्यात जामीनदार तुमच्याइतकाच जबाबदार. पहिला धक्का बहुधा त्या सहकाऱ्याच्या पगाराला बसेल, कारण त्याच्याकडून वसूल करणं सोपं. ज्या माणसाने तुमच्या आईच्या ऑपरेशनसाठी विचार न करता सही केली, त्याच्या पगारातून रक्कम कापली गेली तर ऑफिसात रोज त्याच्यासमोर बसायचं आहे. आजच मॅनेजरला भेटा, संचालक मंडळाकडे मुदत वाढवून हप्ता ३,५०० करण्याचा अर्ज द्या, कारणात आजारपण आणि घटस्फोट स्पष्ट लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. कर्ज देताना शेअर्सपोटी कापून घेतलेली रक्कम तुमचीच आहे. शेवटच्या हप्त्यांच्या वेळी तिचा हिशोब विचारा. आणि अर्ज देण्याआधी दोन्ही जामीनदारांना स्वतः सांगा. ही बातमी त्यांना पतसंस्थेच्या पत्रातून कळता कामा नये.

एवढं झालं तर महिन्याचं चित्र असं: वैयक्तिक कर्ज ११,६००, छोटं कार्ड ३,०००, पतसंस्था ३,५००, सोन्याच्या एकूण ३,२०,००० वरचं व्याज २,४००. एकूण २०,५००. भाडं वजा जाता घरासाठी १४,५०० उरतात. हे पुरेसं नाही हे मलाही कळतं. पण ८,४०० मध्ये कार्ड उचलल्याशिवाय महिना निघत नव्हता, १४,५०० मध्ये ओढूनताणून निघतो. त्यातूनच तुमचा आणि मुलीचा छोटा आरोग्य विमा काढा. आधी कर्ज, मग विमा असं करू नका. तुमचं कर्ज आजारपणातून आलंय, पुढचंही तिथूनच येईल.

पोटगीचे महिना १०,००० मुलीसाठी ठरलेत आणि ते कधी येतात, कधी नाही. ते पैसे महिन्याच्या खर्चात धरू नका. आले की निम्मे मुलीच्या शाळेच्या खात्यात, निम्मे सोन्याच्या मुद्दलात. थकलेली पोटगी वसूल करता येते. पगारदार माणसाच्या पगारातून ती कापण्याचा आदेशही होतो. तुम्ही विचारता की संमतीच्या अटींत स्वतःची पोटगी सोडली, आता मुलीची थकलेली मागता येईल का. येईल. आईने काही सोडलं म्हणून मुलीचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत असं सांगितलंय. त्या प्रतिज्ञापत्रात तुमची ही सगळी देणी लिहा. लाजेने कमी दाखवू नका.

सेटलमेंटबद्दल. कार्ड कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "दोन लाखांचे नव्वद हजार भरा, मिटवून टाकू." ऐकायला सुटका वाटते. पण तुमच्या पतअहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असं लिहिलं जातं आणि ती वर्षानुवर्षं राहते. पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जाला तुम्ही सहकर्जदार म्हणून उभ्या राहाल तेव्हा ती नोंद समोर येईल. तुमचा पगार चालू आहे, वैयक्तिक कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. तुम्हाला हा रस्ता नको. नोकरी गेलेल्या, वर्ष-वर्ष थकलेल्या माणसाला मी स्वतः सेटलमेंट करून दिली आहे. त्याच्यासाठी ती योग्य असते. तेव्हाही बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय रुपया भरायचा नाही, आणि भरायचा तो कर्जखात्यातच, कुणाच्या यूपीआयवर नाही. "तुमचं कर्ज अर्ध्यावर आणतो" म्हणत आगाऊ फी मागणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा.

तुमचा पगार ज्या बँकेत येतो तिचंच वैयक्तिक कर्ज आणि तिचंच मोठं कार्ड आहे. थकबाकी झाली तर बँक खात्यातली रक्कम परस्पर वळती करू शकते. पगार झाला आणि दुसऱ्या दिवशी खातं रिकामं, मुलीची फी भरायची राहिलेली, हे मी पाहिलंय. एचआरला सांगून पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत न्या. कर्जाच्या अटींत पगार त्याच खात्यात ठेवण्याची हमी दिली आहे का तेवढं आधी वाचा. आणि हप्त्याच्या दोन दिवस आधी हप्त्याएवढी रक्कम जुन्या खात्यात न चुकता टाका, कारण आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तर चेक न वटल्यासारखीच कारवाई होऊ शकते. तशी नोटीस कधी आलीच तर ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. कपाटात ठेवून देऊ नका.

वसुलीच्या फोनांनी झोप उडालीय असं लिहिलंय. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनांप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, धमकी-शिवीगाळ करता येत नाही, नातेवाइकांना किंवा मित्रांना मध्ये ओढता येत नाही. "पोलीस घेऊन येतो" हे वाक्य निव्वळ घाबरवण्यासाठी असतं. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. एजंटचं नाव, ओळखपत्र आणि कोणत्या बँकेकडून नेमणूक झाली ते विचारा, कॉल रेकॉर्ड करा, आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधानकारक नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत करता येते, माहितीसाठी १४४४८. वसुली विभागातल्या अनुभवावरून सांगते, लेखी तक्रार करणाऱ्या कर्जदाराची फाइल लगेच वेगळ्या, शांत माणसाकडे जाते.

अ‍ॅपवाल्यांचं आधी एवढंच पाहा की त्यामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेली कंपनी आहे का. असेल तर करारातलं देणं फेडून टाका. नसेल आणि फोटो-संपर्कांवरून धमक्या येत असतील तर १९३० वर सायबर तक्रार करा. त्यांना घाबरून दुसऱ्या अ‍ॅपवरून पैसे घेऊ नका.

पतअहवाल एकदा डोळ्यांखालून घाला. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात बघायचं ते असं: लग्नात नवऱ्याने घेतलेल्या आणखी कुठल्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात का, तुमच्या कार्डावर त्याला दिलेलं पुरवणी कार्ड अजून चालू आहे का. पुरवणी कार्डाचा खर्च मुख्य कार्डधारकाच्या माथी येतो. चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. त्याच बैठकीत पीएफ, विमा आणि बँक खात्यांवरचं नामांकन बदलून मुलीचं नाव लावा, पालक म्हणून विश्वासाच्या माणसाचं.

तुमच्या आईसाठी आता उशीर झाला, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी रुग्ण असेल तर त्यांच्यासाठी थोडं. मी पाहिलेलं आजारपणाचं निम्मं कर्ज पहिल्या पंधरा दिवसांत, घाबरलेल्या अवस्थेत काढलेलं असतं. रुग्ण दाखल करतानाच विचारा, हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का. असेल तर तिथे योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. धर्मादाय न्यासाचं मोठं रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. समाजसेवा अधीक्षकांना भेटून अर्ज लेखी द्या. ऑफिसच्या गटविम्यात आई-वडील येतात का ते विचारा. नोकरदाराला आजारपणासाठी पीएफमधून पैसे काढता येतात. हे सगळं विचारून झाल्यावर वैयक्तिक कर्जाचा फॉर्म भरा. आणि तुम्ही, ताई, तुमच्या वैयक्तिक कर्जातून सुरुवातीला विम्याचा हप्ता कापलेला दिसतोय. ती पॉलिसी शोधा, त्यात काय काय संरक्षण आहे ते वाचा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रात्री "आपण नसतो तर बरं झालं असतं" असं वाटतं. ते वाक्य मी हलकं घेत नाही. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आज रात्री असं वाटलं तर आज रात्रीच फोन करा. भावालाही सांगा, फक्त पैशांचं नाही, हेही.

राहिले मामा. तुम्ही म्हणता त्यांनी कधी मागितले नाहीत, म्हणून दोन वर्षं त्यांच्याकडे गेलाच नाहीत, गणपतीलासुद्धा नाही. नव्वद हजारांचं ओझं तुम्ही असं फेडताय, माहेरचं उरलेलं एक घर टाळून. क्रमाच्या हिशोबाने त्यांचं देणं शेवटी येतं, कारण ते थांबतील. पण थांबायला सांगायला समोर जावं लागतं. पुढच्या पगाराला हजार रुपये बाजूला काढा, मुलीला घेऊन जा, पैसे त्यांच्या हातात द्या आणि सांगा की दर महिन्याला एवढेच जमतील, पण येतील. ते बहुतेक नको म्हणतील. तरी ठेवून या. एका वहीत तारीख आणि रक्कम लिहून त्यांची सही घ्या, आणि जेवायला थांबा म्हणाले तर थांबा.